परत आलेला मजकूर

घरी ठमी आणि कचेरीत मॅडम, अशी तिची दोन नावं होती. कचेरीत तिच्या दारावर ‘आनंदतज्ज्ञ’ अशी पाटी होती आणि कुरिअरवाला ती वाचून दर वेळी गालातल्या गालात हसायचा. ठमीला त्याचा राग यायचा नाही. माणसं सुखी का असतात यावर आठ वर्षं डोकं खपवलेल्या बाईनं कुरिअरवाल्यावर चिडून कसं चालेल?

लोक दिवसभर मोबाईलवर जगाची भांडणं चघळतात, मग त्याच मोबाईलवर त्यांना रोज थोडं बरं वाटेल असं काहीतरी द्यावं, हा तिचा ध्यास होता. त्यातून ‘तीन ओळी’ नावाचं ॲप उभं राहिलं. दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. मशीन त्या वाचणार. मजकूर आनंदी वाटला की हिरवं वर्तुळ उमटणार, आणि तेच वर्तुळ घरच्यांच्या मोबाईलवरही दिसणार. रडगाणं असलं तर मजकूर परत येणार, आणि त्याच्यावर एक वाक्य असणार: ‘हे जरा वेगळ्या नजरेनं बघता येईल का?’

त्या एका वाक्यावर ठमीनं पंधरा दिवस घालवले होते. त्यात उपदेश नको, दटावणी नको, घरच्या माणसानं खांद्यावर हात ठेवून म्हटल्यासारखं वाटायला हवं, असा तिचा हट्ट होता. आणि ते वाक्य अगदी तसंच उतरलं होतं. साहेबांनी तेव्हा तिची पाठ थोपटली होती.

आई गेल्यावर बाबा एकटे राहिले. दोन गावांमध्ये पाच तासांचं अंतर. ठमी रोज संध्याकाळी फोन करायची, पण फोनवर बाबांचं आपलं एकच, ‘बरं आहे.’ त्यांनी एका दैनिकात चौतीस वर्षं प्रूफं तपासली होती. दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नसावेत. म्हणून तिनं एका भेटीत त्यांच्या मोबाईलवर ‘तीन ओळी’ घालून दिलं.

“बाबा, तुम्ही रोज लिहा. मी वाचते.”

“तू वाचणार?”

“मी नाही तर कोण वाचणार?”

बाबांनी चष्मा पुसला, टेबलाशी नीट बसले आणि पहिल्याच दिवशी हिरवं वर्तुळ मिळवलं. ठमीचा जीव भांड्यात पडला.

मग जे झालं ते इतकं हळूहळू झालं की तिला कळलंही नाही. रोजचा फोन एक दिवसाआड झाला, मग फक्त रविवारचा उरला. रोज साडेपाचच्या आत वर्तुळ येतंच आहे, हिरवंगार आहे, मग त्यांना उगाच कशाला उठवायचं? खरं सांगायचं तर तिला ते सोयीचं होतं. सुखाची तज्ज्ञ झाली म्हणून काय झालं, आपल्या सोयीला काळजीचं नाव देणं तिलाही जमत होतंच.

वर्तुळासोबत बाबांचा मजकूरही यायचा. तो वाचून तर ती हरखून जायची. ‘जिन्यात तीनदा बसलो. तिन्ही वेळा येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा झाल्या.’ पुढच्या आठवड्यात: ‘आज घरात अनवाणी फिरलो. फरशी गार लागली.’ मग: ‘हल्ली खुर्चीतच झोपतो, त्यामुळे पहाट बघायला मिळते.’

“हे बघा,” ती साहेबांना म्हणाली, “शहात्तर वर्षांचा माणूस. याहून चांगलं उदाहरण कुठं मिळेल?”

साहेबांनी ओळी दोनदा वाचल्या. “मॅडम, हे सभेत दाखवा. लोक डोक्यावर घेतील.”

एका रविवारी फोनवर बाबा म्हणाले होते, “तू परत पाठवतेस ते बरंच असतं म्हणा. लिखाण सुधारतं.” ठमी तेव्हा सभेची चित्रं जुळवत बसली होती. ती म्हणाली, “हो हो.” बाबा म्हणाले, “कामात दिसतेस. ठेवतो.”

सभा मोठी होती. देशोदेशीचे तज्ज्ञ, बातम्यांच्या धंद्यातले लोक, शिवाय वृद्धाश्रम चालवणारी एक मोठी संस्था. ‘तीन ओळी’ त्यांच्या सगळ्या आश्रमांत जाणार होतं; तज्ज्ञ म्हणून ठमीची सही तेवढी बाकी होती. साडेचारला ती बोलायला उभी राहिली. बाबांच्या ओळी एकेक करून पडद्यावर आल्या. लोक हसले, काहींनी डोळे टिपले. तेवढ्यात तिच्या मोबाईलवर हिरवं वर्तुळ उमटलं.

“हे बघा, आत्ताच आलंय,” असं म्हणून तिनं मोबाईल उचलला आणि भर सभेत वाचून दाखवलं: ‘ठमी आज मोठ्या लोकांसमोर बोलणार आहे. तिचं छान चाललंय. खिडकीतून ऊन आत आलंय.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं हसत मोबाईलचा आवाज बंद केला आणि पुढचं भाषण केलं.

सभा संपल्यावर बाहेर येऊन बघते तो समोरच्या काकूंचे सात फोन. काकू बाबांच्या दारासमोरच राहायच्या. तिनं फोन लावला तेव्हा त्या रडत नव्हत्या, नुसत्या धापा टाकत होत्या.

“अगं, कधीची करतेय तुला! बाबा खुर्चीत होते गं. मोबाईल मांडीवर. मी हाक मारली, हलवलं... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिच्याहून लहान होत्या. त्यांनी साधा प्रश्न विचारला, “त्रास किती दिवसांपासून होता?”

“त्रास नव्हताच,” ठमी म्हणाली. “माझ्याकडे रोजची नोंद आहे.”

“पायांवर एवढी सूज आहे. छातीत पाणी झालं होतं. आडवं झालं की दम लागत असणार, जिना चढवत नसणार. हे एका दिवसात होत नाही हो. कुणाला तरी काहीतरी बोलले असतीलच.”

जिना. अनवाणी. खुर्चीतली झोप. ठमीनं मोबाईल काढून त्या ओळी पुन्हा वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं.

पुढं सगळं उरकलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाबांच्या स्वयंपाकघरात चहाचं पातेलं घासत असताना मोबाईल किणकिणला. वर्तुळ राखाडी होतं. ‘बाबा दोन दिवस गप्प आहेत. त्यांना एक आठवण पाठवायची?’ हे वाक्यही तिचंच होतं. ती पातेल्यासकट खाली बसली आणि भिंतीला डोकं लावून ओक्साबोक्शी रडली.

कचेरीत परतली ती सरळ गप्पूकडे गेली. मशीन सांभाळणारा हा गडी दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप, म्हणून त्याचं नाव गप्पू. परत पाठवलेला मजकूर मशीन फेकून देत नाही, त्यावरच ते शिकतं, हे ठमीला माहीत होतं. तो उघडून बघावा असं मात्र कुणाला कधी वाटलं नव्हतं, तिलाही नाही.

“बाबांचं परत गेलेलं सगळं काढून दे. कागदावर.”

गप्पूनं तिच्याकडे बघितलं. “मॅडम, नका वाचू.”

“तू वाचलंस?”

“बातमी कळल्यावर,” असं म्हणून त्यानं छापायला लावलं. एक्केचाळीस पानं निघाली.

‘जिना चढवत नाही. तीनदा बसावं लागलं.’ परत. ‘जिन्यात बसलो तेव्हा घाबरलो.’ परत. मग गप्पा झाल्याची ती गोड ओळ, हिरवी.

‘पाय सुजलेत, चपला होत नाहीत.’ परत. ‘आडवा झालो की गुदमरतो.’ परत. दर वेळी मजकूर एकेक शब्दानं सुधारत गेलेला, एखादी अवघड बातमी चौकटीत बसवावी तसा. प्रूफ परत आलं की वाद घालायचा नाही, दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं, हा बाबांचा चौतीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी तो मोडला नव्हता.

सतराव्या पानावर तिचा हात थांबला. ‘ठमे, तू परत पाठवलंस. वेगळ्या नजरेनं बघा म्हणतेस. बघतो. तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल यातलं. पण दम लागतो हे खरं आहे.’

परत.

बाबांना वाटत होतं की मजकूर ठमीच परत पाठवते. त्यांना का वाटू नये? मी वाचते, असं तिनंच सांगितलं होतं. ते वाक्यही तिच्याच बोलण्यातलं, तिच्याच मायेचं. म्हणजे तीन महिने एक म्हातारा आपल्या लेकीला रोज सांगत होता की मला त्रास होतोय, आणि लेक रोज गोड आवाजात म्हणत होती, बाबा, हे जरा वेगळं लिहा. असं त्याला वाटत होतं, आणि तरीही तो रागावला नव्हता. ठमीला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं. चिडले असते, शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

शेवटचं पान सभेच्या दिवसाचं होतं. चार वाजून दहा मिनिटं: ‘छातीत कळ येतेय. ठमे, फोन कर.’ परत. चार पंचवीस: ‘ठमे, आज भाषण आहे ना तुझं. झालं की फोन कर. घाम फुटलाय.’ परत. चार चाळीस: ‘ठमी आज मोठ्या लोकांसमोर बोलणार आहे. तिचं छान चाललंय. खिडकीतून ऊन आत आलंय.’

त्याच्याखाली मशीननं बाबांना दिलेली शाबासकी होती, तीही ठमीनंच लिहिलेली: ‘वा! हेच तर ऐकायचं होतं.’

सोमवारी साहेबांच्या खोलीत वृद्धाश्रमांचे कागद सहीसाठी मांडलेले होते. ठमीनं त्यांच्यावर आपला एक कागद ठेवला. त्यावर दोनच ओळी होत्या. ‘मजकूर परत पाठवण्याचा नियम बंद करा. माझे वडील तीन महिने मदत मागत होते आणि आपण ती मागू दिली नाही.’

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी कागद दोनदा वाचला, पेन उघडलं आणि दुसरी ओळ हलक्या हातानं खोडली.

“मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो. नियमाचा विचार करू, सवडीनं करू. पण ही ओळ अशी पुढं गेली तर लोक घाबरतील. घरच्यांना ते हिरवं वर्तुळ हवं असतं हो. ते जरा...” त्यांनी शब्द शोधला. “जरा वेगळ्या पद्धतीनं मांडता येईल का?”

हे वाक्य कुठलं ते साहेबांना आठवलं नाही. ते सहज बोलून गेले होते.

लहानपणी ठमी बाबांच्या टेबलाखाली बसून त्यांच्या खुणा शिकली होती. इतक्या खुणांत तिला एकच आवडायची. चुकून खोडलेल्या शब्दांखाली बाबा टिंबं देत. म्हणजे खोडणारा चुकला, मजकूर होता तसाच राहू द्या.

तिनं साहेबांच्या हातातून पेन घेतलं. खोडलेल्या ओळीखाली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकेक टिंब देत गेली. मग पिशवीतून एक्केचाळीस पानं काढून शेजारी ठेवली. तिथंही प्रत्येक परत गेलेल्या ओळीखाली टिंबं होती, रविवारभर बसून दिलेली.

“ही टिंबं कसली?” साहेबांनी विचारलं.

तिनं सांगितलं. सही न करताच ती उठली आणि जाताना आपल्या दारावरची पाटी काढून घेऊन गेली.

आठ दिवसांत दुसरी तज्ज्ञ मिळाली, तिनं सही केली आणि ‘तीन ओळी’ आश्रमांत सुरूही झालं. गप्पूनं फोन करून ठमीला ते कळवलं. मग म्हणाला, “मॅडम, आश्रमातला पहिला परत गेलेला मजकूर आज आला.”

“काय लिहिलंय?”

“एक आजी आहेत. लिहिलंय, मुलाला सांगा.”

“काय सांगा?”

“तेवढंच. मग परत गेलं. दुसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, आज जेवण छान होतं.”

ठमी पायात चपला सरकवत म्हणाली, “कुठला आश्रम? पत्ता दे.”