आधी दुसऱ्याचं ऐका

गाणं अडीच मिनिटांचं होतं. शनिवारी दुपारी तिघा भावंडांनी ते इंटरनेटवरून एकत्र वाजवलं, तेव्हा त्याला चार मिनिटं वीस सेकंद लागली, आणि तीसुद्धा शेवटचं कडवं सोडून.

"कोण रेंगाळतंय?" स्क्रीनवरच्या डाव्या चौकटीतून दादानं विचारलं.

"तूच!" उजव्या चौकटीतून ताई म्हणाली. पण तिचं "तूच" पोचेपर्यंत दादा पुढचं वाक्य बोलू लागला होता, त्यामुळे भांडणही बेतालच झालं.

मधल्या चौकटीत धाकटा व्हायोलिन मांडीवर घेऊन बसला होता. धाकटा म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि लिफ्ट मजल्याच्या बोटभर वर थांबली तरी ते त्याच्या जिवाला लागायचं. इथे तर गाणं मजल्यावर यायलाच तयार नव्हतं.

बाबांचा उजवा कान केव्हाच गेला होता. डाव्याचं ऑपरेशन सोमवारी होतं, आणि डॉक्टर "बघू या" एवढंच तीनदा म्हणाले होते. जन्मभर शाळेत संगीत शिकवलेल्या बाबांची त्याआधी एकच मागणी होती: त्यांनी बांधलेलं गाणं, तिन्ही पोरांकडून, एकत्र.

"वेगवेगळं रेकॉर्ड करून जोडून देतो," धाकट्यानं सुचवून पाहिलं होतं.

"जोडलेलं नको. मी काय कपाट मागितलंय?"

ताईचा पाय प्लास्टरमध्ये, दादा समुद्रापलीकडे, आणि धाकटा "होऊन जाईल, बाबा" असा शब्द देऊन बसलेला.

उरलेल्या शनिवारात त्यानं जे जे करता येईल ते केलं. मोडेमपासून बाबा बसायचे त्या हॉलपर्यंत तीस मीटर वायर ओढली. बायको तिला दोनदा अडखळली आणि दोन्हीदा काही बोलली नाही, हे जास्त वाईट होतं. इंटरनेट कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीनं मोडेम बंद करून चालू करायला सांगितलं, आणि मग कॉलला पाचपैकी किती तारे देणार ते विचारलं.

रविवारी सकाळी त्याच्या डोक्यात उजेड पडला. बाबांनी तिघांना लाकडी पट्टी मारून मारून एकच गोष्ट शिकवली होती: आधी दुसऱ्याचं ऐका, मग वाजवा. दादाची गिटार ताईला अर्धा सेकंद उशिरा ऐकू यायची. गाणारी ताई आज्ञाधारकपणे तिच्यासाठी थांबायची. तिचा थांबलेला सूर दादाला आणखी उशिरा पोचायचा आणि दादाही थांबायचा. "तुमचं होऊ द्या, तुमचं होऊ द्या" करत गाणं जागीच बसायचं.

"दादा, तू कुणाचं ऐकू नकोस. सरळ वाजवत सुट."

"असं कसं? ऐकायला नको?"

दादा दातांचा डॉक्टर. समोरचा तोंड उघडून बसलाय पण बोलू शकत नाही, असल्या धंद्यात तीस वर्षं काढलेला माणूस. त्यानं लग्न, नोकरी, घर, कशातच कुणाचं ऐकलं नव्हतं. आता मात्र ऐकल्याशिवाय वाजवणार नाही म्हणून अडून बसला.

शेवटी धाकट्यानं फर्मान काढलं. दोघांनी कॉम्प्युटरवर वाजवायचं आणि गायचं, पण त्याच्यातून येणारा आवाज बंद ठेवायचा. कानाला फोन लावायचा. फोनवर फक्त धाकटा आकडे मोजेल. दोघांचा उशीर त्यानं मोजून पाहिला होता, जवळपास सारखाच, म्हणजे हॉलमध्ये बाबांपाशी दोघं बरोबर पोचतील.

"म्हणजे मला दादा ऐकू येणार नाही?" ताईनं विचारलं.

"नाही."

"आणि गाणं?"

"ते फक्त बाबांना."

"बरं," ताई म्हणाली.

मोजायला टिकटिक करणारं यंत्र लावून पाहिलं, तर फोननं ती टिकटिक गोंगाट समजून गिळून टाकली. माणसाचा आवाज तेवढा जायचा.

"मी मोजते की," बायको म्हणाली. ती नर्स होती. "दिवसभर लोकांच्या नाड्याच मोजते."

"अगं, ताल म्हणजे नाडी नव्हे." लग्नानंतर आठवड्याभरात बाबांनी "सूनबाईला कान नाही" असा निकाल दिला होता. तेव्हापासून घरच्या मैफलीत तिला चहाचा ट्रे घेऊन येण्यापुरताच प्रवेश होता.

चार वाजता बाबा इस्त्रीचा सदरा घालून, डावा कान लॅपटॉपकडे करून बसले. धाकटा स्वयंपाकघरात गेला, दार लावलं. हॉलमधलं गाणं कानावर पडलं तर आपणही त्याच्यासाठी थांबू, हे तो ओळखून होता. म्हणून लिफ्टच्या खड्ड्यात ड्रिल चालवताना घालायचे जाडे कानरक्षक त्यानं चढवले. आणि फ्रिजकडे तोंड करून "एक, दोन, तीन, चार" असं चौसष्ट वेळा मोजलं. घशाला कोरड पडली.

तो बाहेर आला तेव्हा बायको डोळे पुसत होती. स्क्रीनवर दादा "कसं झालं?" असं विचारत असावा, त्याचं तोंड सताड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

त्यानं कानरक्षक गळ्यात उतरवले. "दोघं बरोबर होते," बाबा म्हणाले. धाकट्याला वाटलं, सुटलो.

"व्हायोलिन कुठे होतं?"

"बाबा, मी आत मोजत होतो."

"तीन म्हटलं होतं मी." बाबांनी पाय खाली घेतले, सदरा नीट केला. "पुन्हा."

धाकट्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या गळ्यातले कानरक्षक काढून घेतले.

"चौसष्ट वेळा ना?" बायकोनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता फोन घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. जाताना तिनं मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवून घेतलं.