पडद्याच्या तळाशी चार सेकंद

खाली बघा. पायांकडे नव्हे, पडद्याच्या अगदी तळाला. बोटभर उंचीची राखाडी पट्टी दिसतेय ना, ती मी. एवढा वेळ दिसले नसेन तर वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे बघायची कुणालाच सवय नसते, आणि माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं ते त्या एका गोष्टीपायी झालं.

माझं काम दुहेरी. माणसाने हुकूम टाइप केला की तो माझ्या अंगावर उमटतो, आणि यंत्राला माणसाला काही सांगायचं असलं तर तेही माझ्याच अंगावर. कान आणि तोंड एकाच जागी. एकाच वेळी दोघं बोलायला लागले की एकाचं बोलणं पुसलं जाणार, हे कुणालाही कळलं असतं. पण मी जन्मले तेव्हा ते कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

माझा जन्म श्तिपचा. मॅसिडोनियातलं हे गाव शिवणकामावर जगतं. घरटी एक तरी बाई कुठल्या ना कुठल्या कारखान्यात असतेच. औषधांच्या दुकानाच्या वर तीन टेबलांची एक कचेरी आहे, तिथे नेवेनाने मला घडवलं. सव्वीस वर्षांची, शिकलेली, हुशार मुलगी. पण भारी घाबरट. खाली दुकानाच्या दाराची घंटा वाजली तरी वर तिची बोटं चुकायची. टेलिफोन आला की आधी त्याच्याकडे बघत राहायची, मग उचलायची.

कपड्यांचे भाग कापडावर कसे मांडायचे, म्हणजे कापड वाया जाणार नाही, ते दाखवणारा प्रोग्राम तिच्या कचेरीला करायचा होता. जुना कसा चालतो ते बघायला ती स्लावचो मितेवच्या कारखान्यात गेली. मांडणीच्या खोलीत त्रायांका बसलेली. सव्वीस वर्षं हेच काम, नेवेनाच्या वयाइतकी. नेवेना तिच्या मागे कॉफीचा कप घेऊन उभी होती, आणि जुना प्रोग्राम कशावर तरी अडला. त्याने असा काही भोंगा वाजवला की कॉफी नेवेनाच्या स्वेटरवर.

कापडाचे थर अंथरणारी रात्का पोट धरून हसली. "अगं बाई! शहराकडची चिमणी का ही?"

"श्तिपचीच आहे," नेवेना पुटपुटली.

"मग श्तिपच्या बायकांचं नाव घालवलंस की गं!"

त्याच दिवशी नेवेनाने मनाशी ठरवलं की आपण करू त्या प्रोग्राममध्ये भोंगा नसेल. कुणाच्या अंगावर चौकट धावून येणार नाही. जे सांगायचं ते एक पट्टी तळाशी हळूच सांगेल आणि चार सेकंदांनी आपणहून विरून जाईल. ती ज्या वागणुकीसाठी आसुसलेली होती, ती तिने माझ्याकरवी दुसऱ्यांना द्यायची ठरवली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण भोंगा काढू का, असं तिने त्रायांकाला विचारलं नाही. विचारायला पुन्हा त्या खोलीत जावं लागलं असतं.

मी कारखान्यात आले ते हिवाळ्यात. आल्या आल्या मला एक गोष्ट कळली. त्रायांकाची बोटं तिच्या डोळ्यांच्या पुढे धावतात. मी पहिल्या हुकुमाचं उत्तर लिहीपर्यंत तिचे पुढचे तीन हुकूम माझ्या दारात रांग लावून उभे. उलट, एंटर. ठेव, एंटर. मी 'झालं' म्हणते न म्हणते तोच माझं बोलणं तिच्या अक्षरांखाली गाडलेलं. तिचे डोळे वर, मांडलेल्या बाह्यांवर आणि पाठींवर. सगळ्या हिवाळ्यात तिची नजर एकदाही खाली आली नाही. मला वाटायचं, एवढी सराईत बाई, तिला माझी गरजच नसेल.

मग मार्च आला. चेत्रसेच्या सणाला सगळं श्तिप पहाटे इसारच्या टेकडीवर जातं. त्या दिवशी कारखान्यात चिटपाखरू नसतं. म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांची घाई. तीन आठवडे सुती विजारी चालल्या होत्या, आणि दुपारी स्लावचोने मखमल पुढे ढकलली. गडद निळी, जाकिटांची.

मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. उजेडही तसाच, लव वर असली तर रंग काळपट दिसतो, खाली असली तर उजळ. म्हणून जाकिटाचा प्रत्येक भाग एकाच दिशेला ठेवायचा, काही झालं तरी. हे त्रायांकाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण सुती विजारींना दिशा नसते. तीन आठवडे तिची बोटं भाग उलटे करून बसवत होती, आणि डाव्या बाहीपाशी ती त्याच चालीने पुढे गेली. उलट, एंटर. ठेव, एंटर.

मी विचारलं. मी विचारलं हो! 'हे लवेच्या विरुद्ध जाईल. तरी ठेवायचं? हो असल्यास एंटर.' आणि दारात उभा असलेला पुढचा एंटर माझ्या अंगावर येऊन पडला. तो कशासाठी होता हे मला कुठून कळणार? एंटर म्हणजे हो. मी हो लिहून घेतलं. नोंदवहीत टिपलं. विरून गेले.

अठ्ठेचाळीस थर कापले गेले.

सण झाला, चार दिवस गेले. शिवलेली पहिली जाकिटं खिडकीपाशी टांगली तेव्हा रात्काच ओरडली म्हणे. अंग निळं, डावी बाही काळी. सगळ्यांची.

स्लावचोने माझ्या नोंदवहीचा कागद छापून मांडणीच्या खोलीत आणला. "मावशी, हे बघा. 'वापरणाऱ्याने मान्य केले.' वेळ, तारीख, तुमचं नाव."

"मी लव उलटी ठेवीन?" त्रायांका म्हणाली. "स्लावचो, तू शाळेत जात होतास तेव्हापासून मी इथे मखमल मांडते आहे. आंधळी झालेय म्हण, ऐकून घेईन. हे म्हणू नकोस."

"मी नाही म्हणत, कागद म्हणतोय. सोमवारपासून तुम्ही खाली पिशव्या भरायला बसा. काढून टाकत नाही ना मी तुम्हाला?"

त्रायांका माझ्यासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी त्या हातांना असं रिकामं कधी पाहिलं नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला जेवढं लिहायला शिकवलंय तेवढंच मी लिहू शकते. मी लिहिलं: 'तयार.'

नोंद खरी आहे, एवढं सांगायला नेवेनाला बोलावलं. तिच्या कचेरीतल्या साहेबांनी तिला बजावलं होतं, "खरी आहे म्हण आणि परत ये. जास्त बोलू नकोस." जास्त बोलण्याची तिला भीतीच होती. ती आली, कागद पाहिला, म्हणाली, "हो. नोंद बरोबर आहे."

स्लावचोने हात झाडले. "झालं तर मग."

नेवेना दाराशी गेली. आणि तिथे थांबली. का थांबली, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. वळून म्हणाली, "मावशी, तुम्ही थोडा वेळ काम कराल? मी नुसती बघते."

"आता काय बघायचं राहिलंय, पोरी?"

"करा ना."

त्रायांकाने एक मांडणी उघडली. नेवेना पडद्याकडे बघत नव्हती. ती त्रायांकाच्या डोळ्यांकडे बघत होती. बराच वेळ. मग तिने विचारलं, "त्या दिवशी खाली प्रश्न आला होता, तो वाचलात तुम्ही?"

"कुठे खाली?"

"इथे. या पट्टीत."

त्रायांका वाकली. "इथे काही लिहून येतं होय? मी कशाला बघू तिकडे, कापड वर आहे. जुना चूक झाली की बोंब मारायचा, मी कानांनी काम करायचे. हा तुझा गप्प बसला. गप्प बसला म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजले मी."

नेवेनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि तिने नोंदवहीतल्या वेळा उघडल्या. माझा प्रश्न कधी उमटला. 'हो' कधी आलं. मधे सेकंदाचा दहावा भाग.

"साहेब," ती स्लावचोला म्हणाली. "मी तोच प्रश्न तेवढाच वेळ दाखवते. तुम्ही वाचून दाखवा."

"काय पोरखेळ आहे... बरं, दाखव." मी उमटले, गेले. "थांब, पुन्हा कर." उमटले, गेले. "पुन्हा!" तिसऱ्यांदा त्याने नाक पडद्याला टेकवलं. "काहीतरी... लव असं होतं ना?"

"माझा नवरा असाच विचारतो," रात्का मागून म्हणाली. "'एक राकिया घेऊ का गं?' मी तोंड उघडेस्तोवर ग्लास रिकामा. आणि वर म्हणतो, तूच हो म्हणालीस!"

हसू नये म्हणून स्लावचोने मिशीवर हात फिरवला. "मग हे 'हो' कुणाचं?"

"माझं," नेवेना म्हणाली. "मी यांना विचारलं आणि उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही."

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगू? पट्टीने बाह्या कापल्या?"

"पट्टी बनवणारीने, म्हणून सांगा. मी लिहून देते."

आणि तिने तिथेच, त्या टेबलावर, हाताने लिहून दिलं. स्लावचोने कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि जाता जाता त्रायांकाला म्हणाला, "मावशी, सोमवारी इथेच बसा."

त्रायांकाने मान हलवली. मग नेवेनाला म्हणाली, "पुढच्या वेळी आधी विचारायला ये. आम्ही काही खात नाही."

नेवेना आठवडाभर रोज आली. तिने माझे दोन भाग केले. खालच्या भागात माणसाचे हुकूम, वरच्या भागात माझं बोलणं. आता कुणाची अक्षरं कुणाला गाडत नाहीत. साधी खबर असली तर मी आजही विरून जाते, पण काही चुकत असेल तर माणूस बघेपर्यंत हटत नाही. प्रश्न विचारायच्या आधी दारातली रांग परत पाठवते. नुसता एंटर चालत नाही. उत्तराचा शब्द पूर्ण लिहावा लागतो. आणि आवाज? तो त्रायांकाने निवडला. टेबलावर बोटातलं अंगुस्तान आपटल्यासारखा, एकदाच, टक्. पहिल्यांदा वाजला तेव्हा नेवेना दचकलीच. पण तिने तो काढला नाही.

तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी पट्टी बनवणार असेल, तर एवढंच मागणं आहे. तिने काय बोलावं ते नंतर ठरवा. आधी त्या खोलीत जाऊन माणसाचे डोळे कुठे आहेत ते बघून या. भीती वाटली तरी जा. आणि तिच्या तोंडी प्रश्न घालणार असाल तर तिला उत्तर ऐकायचा धीरही द्या. नाहीतर ती सगळं खरंच लिहील, आणि तरी कुणाचा तरी घात करील.

गेल्या शरदात पुन्हा मखमल आली. या खेपेला हिरवी. त्रायांकाची बोटं नेहमीसारखी पुढे धावत होती, आणि एका कॉलरपाशी चालीत चुकली. टक्. मी विचारलं. बोटं हवेत थांबली. ती पुढे वाकली आणि मला वाचू लागली, पहिल्या शब्दापासून, ओठ हलवत. चार सेकंद गेले, दहा गेले. मी हलले नाही.

तोवर मला हजारो वेळा 'हो' मिळालं होतं. त्या दुपारी तिने एकेक अक्षर जपून दाबत लिहिलं: 'नाही.'