उचलायचा राहिलेला रुमाल

सकाळपासून चिंगीचा पाय एका जागी ठरत नव्हता. नळ, खिडकी, खुर्ची, पुन्हा नळ. चार ग्लास पाणी ढोसून झालं. अकरा वाजता निर्मातीबाईंच्या खोलीत बैठक होती आणि तिथे तिच्या ताईला चोर ठरवून घरी पाठवणार होते.

ताई म्हणजे सख्खी थोरली बहीण आणि टीव्हीवरच्या ‘डबक्यातली मंडळी’ या कार्टूनची मुख्य लेखिका. चिंगी त्याच कार्टूनच्या कच्च्या चौकटी काढायची. ताईने लिहिलेला प्रसंग ही आधी पेन्सिलीने मांडणार, मग बाकीचे त्यात रंग, आवाज आणि हालचाल भरणार. परवा कुणा रिकामटेकड्याने इंटरनेटवर दोन तुकडे शेजारी शेजारी लावून टाकले. डावीकडे यंत्रमानवांचं एक जुनं कार्टून. म्हातारा यंत्रमानव नातवाला म्हणतो, “तुला शेवटचं सांगतोय.” नातू विचारतो, “असं शेवटचं किती वेळा सांगणार?” म्हातारा म्हणतो, “शेवटपर्यंत.” उजवीकडे यांचे कासव-आजोबा आणि बेडकाचं पोर, आणि अगदी शब्दन् शब्द तोच. खाली लोकांनी ताईचा जो उद्धार केला होता तो वाचून चिंगीची कानशिलं तापली.

आणि हे कुणाच्या वाट्याला यावं? उष्ट्या विनोदाचा वास ताईला भिंतीपलीकडून यायचा. लेखकांच्या खोलीत कुणी काही शिळं बोललं की ती नाक मुरडून म्हणायची, हा ऐकलाय, काढा. हा विनोद मात्र आपलाच, असं ती छातीठोकपणे सांगत होती. इस्त्री करताना सुचला म्हणे, आणि त्या नादात कुर्त्याची बाही करपली म्हणे. एका मुलाखतीतही तिने बाहीसकट हे सगळं रंगवून सांगितलं होतं.

चिंगीला पक्कं ठाऊक होतं की इस्त्री झालीच नव्हती. त्या आठवड्यात ताई तापाने फणफणली होती आणि तिच्या कागदावर एवढंच होतं: इथे आजोबा काहीतरी भारी बोलतात. अशा वेळी काय करायचं हे त्यांच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. बसमध्ये जागा अडवायला रुमाल टाकतात ना, तसा कुठला तरी उसना विनोद तिथे टाकून ठेवायचा, म्हणजे पुढचं काम अडत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात छोटासा रुमाल काढायचा. ज्याला रुमाल दिसेल त्याने समजायचं की हे आपलं नाही, हे बदलायचंय. चिंगीने लहानपणी पाहिलेला तो यंत्रमानव आठवून रुमाल टाकला होता. मग चौकटी साफ करताना तिला वाटलं, या रुमालाने आजोबांच्या गालाची वाट लागतेय. म्हणून खोडून टाकला. तोंडी सांगू की, त्यात काय.

सांगायचं राहिलं. कच्च्या चौकटी पडद्यावर दाखवल्या तेव्हा माणसं हसून हसून लोळली. कुणीतरी आजारातून उठलेल्या ताईच्या पाठीवर थाप मारली. ताई आधी गोंधळली, मग हसली. पुढच्या आठवड्यात करपलेली बाही आली.

बैठकीला वीस मिनिटं असताना चिंगीने तिला जिन्यात गाठलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. ओरडेल, एक लगावेलसुद्धा, अशी तयारी ठेवून ती कठड्याला चिकटून उभी राहिली.

ताई पायरीवर बसली.

“म्हणजे माझा नव्हताच?”

“नाही गं.”

“मला इस्त्रीचा वास आठवतोय, चिंगे.”

ताईवरचा आळ पुसायला आलेली चिंगी, आणि पुसता पुसता ताईचा सगळ्यात लाडका विनोदच पुसून बसली. मी आत जाऊन सगळं माझ्यावर घेते, असं ती पुटपुटली. ताईने तिला झटकलंच. तुझं तू सांग, माझं मी सांगते, म्हणाली, आणि पदराला नसलेली धूळ झटकत उठली.

आत चिंगीने रुमालाचं सांगितलं. निर्मातीबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग ताई बोलली.

“हिने खोडला तो रुमाल. विनोद माझा म्हणून मिरवला तो मी. खोटं बोलत नव्हते, तेच जास्त वाईट आहे.”

शेवटी बाईंनी निकाल दिला. जे झालं ते जसंच्या तसं जाहीर लिहायचं, खाली दोघी बहिणींच्या सह्या. ताई लेखिका राहील, पण संध्याकाळी तो भाग पुन्हा दाखवायचाय, तेव्हा चार वाजेपर्यंत त्या जागी नवा विनोद हवा, आणि तो कुणाच्या बापाचा नको.

बोलायला सोपं. पोराची पाठ पडद्याकडे होती, त्याच्या तोंडी काहीही घालता आलं असतं. पण आजोबांचं तोंड जुन्या शब्दाच्या मापाने रंगवून तयार होतं. चार ठोके, तिसऱ्या ठोक्याला ओठ मिटलेले. शे-वट-पर्-यंत. त्या मापाचं दुसरं काही सुचता सुचेना. ताई टेबलाभोवती घिरट्या घालत होती, चिंगी आरशासमोर कासवासारखं तोंड करून ओठ मिटत-उघडत होती. तीन वाजले. कचऱ्याची टोपली भरली.

ताई एकदम थांबली. तिच्या डोक्यात अजून सकाळच चालू होती.

“खरं सांग. असा रुमाल आणखी कधी विसरलीयस?”

चिंगीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“एकदा, बहुतेक.”

ताईने बोटांवर मोजलं. एक-दा-बहु-तेक. तिसऱ्याला ओठ मिटले. तिने झडप घालून कागद ओढला आणि पोराच्या तोंडी घातलं, आजोबा, तुम्ही कधी चुकलात का हो? खाली आजोबांचं उत्तर. दोघी हसल्या, खूप दिवसांनी पोट धरून हसल्या. मग ताईचं हसू ओसरलं आणि तिने पेन तसंच कागदावर टेकवून ठेवलं.

“हे तुझंच ना?”

“माझंच. आत्ता तुझ्यासमोर तर सुचलं.”

“मलाही तसंच वाटलं होतं.”

चाराला पंचवीस मिनिटं होती. चिंगीने खुर्ची ओढली, कॉम्प्युटर चालू केला आणि जगात आजवर कोण कोण ‘एकदा, बहुतेक’ म्हणून गेलंय ते शोधायला बसली.