पाहिलेला पत्ता

कंपनीचं नवं टूल काय करतं, हे तिने माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकलं होतं. क्रिप्टोच्या बाजारात लोक आपली डिजिटल नाणी तारण ठेवून कर्ज काढतात. नाण्यांचा भाव पडला की तारण अपुरं ठरतं, आणि मग कुणीही ते कर्ज भरून तारण स्वस्तात उचलू शकतं. टूलला कर्जदाराच्या खात्याचा पत्ता द्यायचा, म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ. तो कर्जदार किती काठावर उभा आहे, हे टूल सांगतं.

टूल बनवणारी कंपनी स्वतः अशी तारणं उचलत असे, हे लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. घार उगाच घिरट्या घालत नाही.

वडील गेल्यानंतर कामावर परतली, तेव्हा ही माहितीपुस्तिका तिच्यासाठी राखून ठेवलेली होती. "हलकं काम आहे, मन रमेल," असं सगळे ज्याला कप्तान म्हणत तो मुख्य प्रोग्रामर म्हणाला होता.

स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे. तिने सरावासाठी एक रिकामं खातं काढलं, त्याचा पत्ता टूलमध्ये शोधला. मग पाळतीवरची खाती दाखवणारी कमांड चालवली, तर तोच पत्ता तिथे शेवटी येऊन बसलेला. तिने तर नुसतं शोधलं होतं. आणखी एक खातं काढून पाहिलं. तेही जाऊन बसलं.

स्क्रीन वर सरकवताना तिचा हात थांबला. बाबांचा पत्ता. पुढे शेरा: तारण उचललं.

ती कप्तानाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"बाबा दवाखान्यात होते तेव्हा मी तुला त्यांचा पत्ता दिला होता."

"हो, बघितला ना मी. काठावर होतं."

"कर्जाचे पैसे सकाळी भरलेस तरी चालेल, म्हणालास."

"चाललं असतं गं. रात्रीत भाव अजून पडला, त्याला मी काय करू?"

"तू शोधलास म्हणून तो पाळतीवर गेला. उचललं ते आपणच."

कप्तानाने हेडफोन काढला. "अगं, ती सोय आहे. एकदा शोधलेला पत्ता परत टाकायला नको म्हणून. माझ्या डोक्यातच आलं नाही, शप्पथ. आणि आपण नसतं उचललं तर दुसऱ्या कुणी उचललंच असतं."

"दुसऱ्या कुणाला मी विचारायला गेले नव्हते."

ऑपरेशनसाठी मुलीपुढे हात पसरायचा नाही, म्हणून बाबांनी ते कर्ज काढलं होतं. 'आमच्या ऑफिसातल्या माणसाने बघितलंय' असं तिने सांगितल्यावर ते म्हणाले होते, "मग काय, तुझा माणूस जागा आहे तर मी झोपतो." सकाळी तारण गेल्याचा मेसेज आलेला फोन तिच्या हातात देत म्हणाले, "तुझ्या कप्तानाला चष्मा बदलायला सांग." मग हसू विरलं. "नाही गं, माझंच काहीतरी चुकलं असणार." त्याच समजुतीत ते गेले. आई तर अजून भांडी आपटत म्हणे, "हट्टी माणूस. स्वतःच्या हाताने घालवलं सगळं."

ती जागेवर परतली आणि एक वाक्य लिहिलं. 'सावधान: इथे शोधलेला प्रत्येक पत्ता न विचारता पाळतीवर घेतला जातो, आणि तारण अपुरं पडताच ही कंपनी ते उचलू शकते.'

मसुदा वाचून कप्तान स्वतः तिच्या टेबलाशी आला.

"हे काढ. पुढच्या आठवड्यात टूल सगळ्यांसाठी खुलं होतंय. लोक स्वतःचं कर्ज सुरक्षित आहे का बघायला येणार. हे वाचून कोण येईल?"

"नको येऊ देत."

"तू दुःखात आहेस, मी समजू शकतो."

"माझं दुःख बाजूला ठेव. वाक्यात काही खोटं आहे?"

त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं.

"ती पाळतीची ओळ कोडमधून काढ," ती म्हणाली, "हे वाक्य मी स्वतः पुसते."

"ती कशी काढणार? सगळा धंदा त्यावरच तर उभा आहे!"

शेजारच्या टेबलावरची टाइपिंगची टकटक थांबली.

"मघाशी ती सोय होती," ती म्हणाली.

लिहिणाऱ्याने 'तयार' अशी खूण केली की पुस्तिका आपोआप कंपनीच्या साइटवर चढे. मधे कुणी ढवळाढवळ करू नये, म्हणून हा नियम कप्तानानेच घातलेला. तिने ते वाक्य तळातून उचललं, टूल काय करतं याच्याही वर नेऊन ठेवलं, आणि खूण केली.

"अगं, विचार तरी कर! नोकरी जाईल तुझी."

"तारण ठेवलेली नाही मी ती."

पर्स उचलून ती जिन्यापाशी गेली आणि फोन लावला.

"आई, बाबांनी काही घालवलं नव्हतं."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"मग कुणी घालवलं?"

"घरी येते. समोर बसून सांगते."