रॅम्पवरच्या बॅगा

भूगोलाच्या बाईंनी एकतीस वर्षं फळ्यावर नदीचं मुख काढलं. गोड पाणी आणि खारं पाणी भेटतं तिथे दोन रंग दिसतात, असं घसा खरवडून सांगितलं. पाहिलं मात्र कधीच नाही. आधी शाळा, मग मुलाचं शिक्षण, मग गुडघे आणि शेवटी चाकांची खुर्ची. म्हणून 'सर्वांसाठी सहल' अशी जाहिरात दिसली आणि तिच्यात नदीचं मुख आहे म्हटल्यावर त्यांनी मुलाच्या मागे भुणभुण लावली. बसच्या मागच्या दाराला रॅम्प होता. त्यावरून खुर्ची अगदी झोकात चढली आणि ड्रायव्हरने ती पट्ट्यांनी जमिनीला आवळली.

पुढे चूक झाली ती बाईंचीच. पहिला थांबा धबधब्याचा. रॅम्प काढायला पाच मिनिटं लागतील म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "राहू दे, मी बसते इथेच." दुसऱ्या थांब्याला, किल्ल्यापाशीही तेच. सहलवाल्याने तोंडभरून कौतुक केलं, "असे प्रवासी हवेत बघा! कुणाला काही त्रास नाही." बाई खुलल्या. भीड ही भिकेची बहीण, हे त्यांनी वर्गात शंभरदा सांगितलं असेल, पण लोकांना सांगायला काय जातं!

जेवणानंतर, मधल्या वाटेत पायात येतात म्हणून, सहलवाल्याने सगळ्यांच्या बॅगा मागे दुमडलेल्या रॅम्पला टेकवून रचल्या. "बाई तशाही उतरत नाहीत," तो प्रेमानेच म्हणाला. बाईसुद्धा हसल्या.

आणि नदीचं मुख आलं.

"आई, पटकन जाऊन येतो. तुला व्हिडिओ दाखवतो," मुलगा म्हणाला. "जा, जा," असं बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. बस रिकामी झाली. शेजारी दुसरी बस येऊन उभी राहिली आणि खिडकीत नुसता निळा पत्रा उरला. लाटांचा आवाज येत होता. खुर्ची पट्ट्यांनी जमिनीला आवळलेली, मागे बॅगांची भिंत. बाईंना गुदमरल्यासारखं झालं. सहलवाल्याचा राग आला, मुलाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"ड्रायव्हरदादा, मला उतरायचंय."

पुढच्या सीटवर पेंगणारा ड्रायव्हर वळला. "बाई, वीस-बावीस बॅगा आहेत."

"मग काढा."

त्याने डोकं खाजवलं, मागचं दार उघडलं आणि बॅगा रस्त्यावर ठेवायला सुरुवात केली. भिंत निम्मी उतरली तोवर मंडळी परतली. "अहो, माझी बॅग मातीत!" कुणीतरी ओरडलं. सहलवाला धावत आला. "बाई, आता निघायची वेळ झाली. आधी सांगायचं ना!"

ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

मुलाने फोन पुढे केला. "आई, हे बघ ना, दोन्ही रंग किती स्पष्ट आलेत. सगळे खोळंबलेत गं."

बाईंना रडू आलं, आणि चारचौघांत रडू आलं याचा संतापही आला.

"खोळंबू देत," त्या म्हणाल्या. "सकाळपासून मी एकटी खोळंबलेय."

एका आजोबांनी पुढे होऊन दारातली एक बॅग उचलली. मुलाने फोन खिशात टाकला आणि खुर्चीचा पट्टा सोडायला खाली वाकला. बराच वेळ खटपट केली तरी त्याला तो सुटेना. तो कसा सोडतात, हे त्याने सकाळपासून एकदाही पाहिलं नव्हतं.