अठरा ग्लासांचा काशिनाथदादा

काशिनाथदादा म्हटलं की त्याचा चेहरा नंतर आठवतो, आधी आठवतो त्याचा डावा हात. मनगटापासून खांद्यापर्यंत चहाच्या ग्लासांची चढती माळ, आणि सकाळचं तिरपं ऊन त्या अठरा ग्लासांमधून गाळून भिंतीवर उतरलेलं. तांबूस, थरथरतं, जणू कुणी अख्ख्या भिंतीला चहा पाजला आहे. मी अठरा म्हणतो, माझा मित्र अन्वर बारा म्हणतो. पण अन्वर लहानपणापासून कंजूष. आकडेसुद्धा हात राखूनच देतो.

ते ऊन थरथरे, कारण नवप्रभात हॉटेलच्या तिन्ही भिंतींपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने होते. त्या काळच्या भिवंडीचा खडखडाट आजच्या पोरांना कसा सांगावा! देवळात घंटा वाजवली तर देवही 'काय?' असं विचारायचा. चोर कपाट फोडायला घण घेऊन येत आणि जाताना दार आपटून जात. नवप्रभातमध्ये चटणीची वाटी टेबलावर ठेवली की ती आपसूक सरकत सरकत तुमच्यासमोर यायची. बशी हाताने धरली नाही, तर तुमची मिसळ शेजाऱ्याने खाल्लेली असायची.

अशा गावात कानांचा उपयोग फक्त विडी अडकवण्यापुरता. भिवंडीकर बोलत ते हातांनी, आणि ऐकत ते डोळ्यांनी. समोरच्याचे ओठ वाचणं हे इथे बाराखडीच्याही आधी शिकत. म्हणून आमच्याकडे एक रीत होती: गुपित सांगायचं तर खुशाल बोंबलून सांगावं, पण तोंडासमोर पंजा धरून. आवाजाला कुणी भीत नसे, ओठांना सगळे भीत.

नवप्रभातचा वेटर काशिनाथदादा या मूक भाषेचा महापंडित होता. शेलार गावाहून भल्या पहाटे पायी यायचा, दारात चपला काढायचा आणि दिवसभर अनवाणी वावरायचा. गिऱ्हाईक उंबऱ्याशी असतानाच त्याच्या बोटांची हालचाल टिपून आत ऑर्डर पोचलेली असे. कानाची पाळी ओढली की तर्री जादा, मूठ उलटी केली की कटिंग, तळहात आडवा हलवला की कांदा नको. त्याची स्वतःची बोटं तर अशी फिरत, की दक्षिणेकडून कुणी थोर नर्तक आला असता, तर त्याने पायातले चाळ सोडून काउंटरवर ठेवले असते. आणि इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक ग्लास फुटला नव्हता. हा त्याचा एकमेव गर्व. तेवढा एक गर्व तो गणवेशासारखा रोज धुऊन घालायचा.

त्याला आणखी एक सिद्धी होती. लाइट जाणार हे त्याला क्षणभर आधी कळे. लूम थांबण्यापूर्वी फरशीच्या थरथरीत काहीतरी सैल पडतं, ते त्याच्या तळव्यांना समजायचं म्हणे. लाइट गेली, की सगळे कारखाने एका दमात मुके होत आणि अख्खं हॉटेल ओरडताना रंगेहाथ पकडलं जाई. त्या शांततेत फुटलेली बिंगं लिहायला बसलो, तर कागदाच्या गिरण्या कमी पडतील. म्हणून तो पोरासोरांना बजावायचा, "त्वांड सांबाल रं. लायटीचा काय भरवसा न्हाय."

मी सांभाळलं नाही. तेही कुठल्या दिवशी? माझ्या लग्नाची बोलणी होती त्या दिवशी!

आमच्या खोलीत चार माणसं बसली की पाचव्याला उभ्याने श्वास घ्यावा लागे. म्हणून मुलगी बघायचा कार्यक्रम नवप्रभातमध्येच ठेवला. सुमनचे वडील लूम दुरुस्त करणारे जॉबर. गंभीर, घनगर्द भुवयांचा गृहस्थ. मिसळ खातानाही त्यांच्या मुद्रेवर शोकसभेची छाया होती. सुमन समोर बसली होती, आणि तिला पाहताक्षणी माझ्या छातीत चाळीस लूम एकदम सुरू झाले. मला हीच हवी होती. तिच्या वडिलांनी नकार दिला असता, तर मी खाडीत जीव दिला असता. निदान गुडघाभर पाण्यात तरी उभा राहिलो असतोच.

आनंद पोटात मावेना, म्हणून हात धुण्याच्या निमित्ताने उठलो आणि बेसिनपाशी सोबत आलेल्या अन्वरला गाठलं. सुमनच्या वडिलांची आमच्याकडे पाठ होती. पंजा धरायचं विसरून मी बोंबललो, "पोरगी एक नंबर! पण सासरा बघितलास? जन्मल्यावर मध चाटवायच्या ऐवजी याला—"

पुढचे शब्द होते 'एरंडेल पाजलंय'. आणि नेमके तेव्हाच लूम थांबले.

ती शांतता मी आजही मोजू शकतो. निघालेलं वाक्य मागे घेता येईना, जीभ उतारावरच्या ट्रकसारखी पुढेच धावत होती. इतक्यात दुसऱ्या टोकाला काशिनाथदादाने डावा हात सरळ खाली सोडला. अठराच्या अठरा ग्लास! असा नाद झाला की पडघ्यापर्यंतच्या बैलांनी माना वर केल्या असतील. माझं एरंडेल त्या काचेत वाहून गेलं. सासरे दचकून वळले ते त्याच्याकडे, माझ्याकडे नाही.

मालक गल्ल्यावरून उठले. "काशिनाथ, तू? तुझ्या हातून?"

"हात सुटला, शेठ," दादा म्हणाला, आणि खाली बसून काचा वेचू लागला. सगळं हॉटेल त्याच्याकडे बघत होतं. त्याची मान मी त्याआधी कधी खाली गेलेली पाहिली नव्हती. मी पुढे झालो, तर त्याने वर न पाहताच दोन बोटं हलवली: जागेवर बस.

लग्न झालं. मी त्याला काही बोललो नाही. कसं बोलायचं, कुठल्या तोंडाने? पुढे नवप्रभात बंद पडलं, बेकरीला चिकटलेलं इराणी हॉटेल गेलं, पहाटे जिथे रांग लागे ते निहारीच्या रश्श्याचं दुकानही गेलं. काशिनाथदादा शेलारला वारल्याचं कळलं, तेही दोन महिन्यांनी.

परवा मानकोलीहून येताना सुमनला घेऊन मुद्दाम त्या गल्लीत शिरलो. नवप्रभातच्या जागी पार्सलांचं गोदाम आहे आणि गल्लीत चक्क चिमण्या ऐकू येतात. उत्साहाच्या भरात मी तीस वर्षं दाबलेली कथा एकदाची तिला सांगून टाकली; अठराचे चोवीस ग्लास करून.

सुमन शांतपणे म्हणाली, "अठराच होते. आणि एरंडेल मला तेव्हाच दिसलं होतं. तोंड माझ्याकडे होतं तुमचं. जॉबरची मुलगी आहे मी!"

"मग हो का म्हणालीस?" मी हबकलोच.

"नाहीच म्हणणार होते. बापाला बोललेलं कुणाला आवडतं? पण दादांकडे बघत होते. त्यांच्या हातून काही सुटलं नव्हतं, त्यांनी सोडलं. म्हटलं, असा माणूस ज्याच्यासाठी चारचौघांत मान खाली घालतो, त्याच्यात काहीतरी असेल." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "शोधतेय अजून."

मी तिथेच गोदामाच्या पायरीवर बसलो. ज्याला मी फक्त माझं वाक्य बुडवणारा समजत होतो, त्याने माझं अवघं आयुष्य एका हाताने तोलून धरलं होतं, आणि हे सांगायला आता तो नव्हता. माणूस गेला की त्याच्याविषयीचं आपलं कळणं तिथेच संपतं, अशी माझी समजूत होती. पण काशिनाथदादाला जाऊन इतका काळ लोटला, तरी तो मला अजून नव्याने कळतोच आहे.