सहा महिन्यांपूर्वीची ईमेल

व्हर्नाच्या धाकट्या भावाचं, आर्लेनचं, हार्डवेअरचं दुकान जळालं आणि विम्यासाठी त्यानंच ते पेटवलं, असा खटला उभा राहिला. मिनेसोटातलं लहानसं गाव. निम्मं गाव कोर्टात येऊन बसायचं.

सरकारी वकिलानं व्हर्नानं भावाला पाठवलेली एक जुनी ईमेल वाचायला घेतली. धंद्याला कंटाळलेल्या आर्लेनला तिनं थट्टेत लिहिलं होतं, ‘जळू दे ते दुकान एकदाचं.’ ज्युरीतली माणसं सावरून बसली. आता हा थांबेल, असं व्हर्नाला वाटलं. तो वाचतच राहिला.

‘तू निदान दुकान विकू शकतोस. मी ड्वेनचं काय करू? टॉडसारखा पोरगा गेल्यापासून तो भिंतीसारखा झालाय. कीव येते, म्हणून राहिलेय.’

तिचा नवरा ड्वेन मागच्या बाकावर, चर्चला जायचा कोट घालून बसला होता.

आर्लेनच्या वकिलानं हरकत घेतली, की न्यायाधीशांच्या हुकुमाशिवाय हे मिळालंच कसं? न्यायाधीशांनी नाइलाजानं सांगितलं, की ईमेल-सेवेच्या कंपनीच्या यंत्रावर सहा महिन्यांहून जास्त पडून राहिलेली ईमेल कायदा टाकून दिल्यासारखी धरतो. ती मिळवायला साधी नोटीस पुरते. आगीनंतर व्हर्नानं आर्लेनला पाठवलेलं पत्रही पोलिसांनी टपाल कचेरीत मागितलं होतं. पण तिथं वॉरंट लागत होतं, आणि ते याच न्यायाधीशांनी नाकारलं होतं. पाकिटाच्या डिंकाला कायदा मान देत होता, तिच्या पासवर्डला नाही.

“टाकून दिलेली?” व्हर्ना आर्लेनच्या वकिलाला म्हणाली. “अहो, मी ती जपून ठेवली होती.”

आर्लेन सुटला. आग भिंतीतल्या जुन्या वायरिंगमुळे लागली होती. पण गावाला आता आगीत रस नव्हता. किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर लोक ड्वेनला हळू आवाजात ‘कसा आहेस?’ विचारू लागले. त्यानं चर्चनंतरच्या कॉफीला थांबणं सोडलं.

एकदा जेवताना तो म्हणाला, “कागदावर लिहायचं होतंस.”

“म्हणजे तुला कळलं नसतं?”

“मला माहीतच होतं. गावाला कळलं नसतं.”

त्यानं आपली ताटली धुऊन ठेवली आणि तो टॉडच्या खोलीत जाऊन झोपला. पुढेही तो तिथंच झोपत राहिला. आर्लेन जागा विकून डुलुथ शहरात गेला. त्याच्या ईमेल येतात. व्हर्ना उघडत नाही.